माझ्या जागेवरून मोजलेला आवाज

प्रिय बोगदेवाल्या,

चार लोकांत बसलं की तू हसत सांगतोस ना, ‘हिला काही सांगायचं तर बोलून उपयोग नाही, पत्रच टाकावं लागतं.’ घे, आज मीच टाकलं. फोनवर सांगणार होते. पण फोनवर तू एकेक वाक्य दोनदा आणि ओरडून बोलतोस, आणि मी तोंड उघडलं की ‘ऐकू येतंय का तुला?’ म्हणून मध्येच तोडतोस. डोंगराच्या पोटात यंत्रांच्या घरघराटात उभा राहून मला विचारतोस, ऐकू येतंय का! पत्राला असं तोडता येत नाही. तेव्हा ते हेल्मेट काढ, चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

आधी आईंची खबर. गुडघा आता चांगला वाकतो. ऑपरेशननंतर भाऊजींकडचे जिने चढवेनात म्हणून त्या इकडे आल्या, हे तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते हे, की आल्या दिवसापासून त्यांनी हॉलमधली माझी जागा बळकावली. मागच्या भिंतीला टेकलेल्या लांब सोफ्याचं स्वयंपाकघराकडचं टोक. मी तिथे बसत आले ते सिनेमा चालू असताना मध्येच उठून गॅस बंद करता यावा म्हणून. त्या बसल्या कारण तिथून बाथरूम जवळ. मग मी कुठे बसणार? हॉलच्या मधोमध, तुझ्या खुर्चीत बसले. हा होम थिएटरचा सेट घेतल्यापासून पहिल्यांदाच. ती खुर्ची म्हणजे काय प्रकरण आहे! पाहुणेसुद्धा तिला वळसा घालून जातात.

कोर्टातल्या खटल्याचा एक जुना सिनेमा लावला होता. आई सुरुवातीपासून कुरकुरत होत्या. ‘हा वकील तोंडात बोळा कोंबून का बोलतोय? आवाज वाढव गं. नुसतं धडामधूम ऐकू येतंय, बोलणं गेलं कुठे?’ आता आईंचे कान तुला माहीत आहेत. आपण दार लावून काय कुजबुजलो ते त्या दुसऱ्या दिवशी शब्दासकट सांगतात. आणि मला, तुझ्या खुर्चीत, त्या वकिलाचा शब्द न् शब्द कळत होता. साक्षीदार बाईने उत्तर देण्याआधी घेतलेला श्वास कळत होता. मागच्या बाकावर कुणीतरी पाय सरकवला, तोही. मी रिमोट खाली ठेवला. मग उठले आणि म्हटलं, ‘आई, जरा तुम्ही इथे येऊन बसा.’ आम्ही जागा बदलल्या. खुर्चीत टेकल्याबरोबर त्या म्हणाल्या, ‘हां, आता बोलला मेला नीट.’ आणि मी माझ्या कोपऱ्यात परत बहिरी.

त्या दुपारी आम्ही दोघींनी तोच प्रसंग किती वेळा लावला, विचारू नकोस. खुर्चीत बसायचं, कोपऱ्यात जायचं, परत खुर्चीत. शेवटी आई म्हणाल्या, ‘अगं, खोट त्या कोपऱ्यात आहे. तुझ्यात नाही.’ आणि सरळ आपल्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या, जणू काही फार मोठं बोलल्याच नव्हत्या. मी टीव्ही बंद केला. रडू आलं नाही. संताप आला.

सेट बसवला तो दिवस आठवतो तुला? दुकानातला माणूस छोटा माइक घेऊन आला होता. त्याने समजावलं होतं की प्रत्येक खोली आवाजात आपलं काहीतरी मिसळते. भिंती काही सूर फुगवतात, काही गिळून टाकतात. म्हणून यंत्र एकेका स्पीकरमधून खालपासून वर चढत जाणारा हुंकार सोडतं, माइक तो ऐकतो, आणि खोलीने केलेली लबाडी सूर कमीजास्त करणारा इक्वलायझर वजा करतो. याला म्हणायचं रूम करेक्शन. मग त्याने विचारलं, ‘साहेब, तुम्ही बसता कुठे?’ तू खुर्चीच्या पाठीवर थाप मारलीस. ‘इथे.’ माइक पुष्कळदा हलला, पण कुठे? तुझ्या डोक्याच्या जरा डावीकडे, जरा उजवीकडे, वीतभर पुढे, वीतभर मागे. पंखा बंद, फ्रिज बंद, आणि मला हाताने खूण केलीस, तूही बंद. मी स्वयंपाकघरात श्वास रोखून उभी राहिले. आणि वर मला तुझं कौतुक वाटत होतं!

त्यानंतर काय झालं ते तुझ्या लेखी काहीच नाही. मी विचारायचे, ‘काय म्हणाला तो?’ तू सिनेमा थांबवायचास, उसासा टाकायचास आणि सांगायचास. पुढे सांगणं बंद झालं, नुसता उसासा राहिला. मग तो विनोद झाला. भाऊजींकडे, तुझ्या ऑफिसच्या जेवणात, माझ्या बहिणीसमोर. ‘वय झालं हिच्या कानांचं.’ मी पण हसायचे. तू मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. तुलाही ते खरंच वाटत होतं. पण तुला ते सोयीचंही होतं, हे मी म्हणते.

कारण तो विनोद हॉलमध्ये राहिला नाही, माझ्याबरोबर कामावर यायला लागला. माझं काम तू कधी पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगते. रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात माणूस फोन करतो तेव्हा तो बोलत नसतो. रडत असतो, धापा टाकत असतो, शेजाऱ्यावर ओरडत असतो. त्यातून पत्ता उपसून काढायचा. मी हे वर्षानुवर्षं केलं आणि उत्तम केलं. पण घरी रोज बहिरी ठरल्यावर मला हेडफोनमध्येही शंका यायला लागली. बरोबर ऐकलेला पत्ता मी तीनतीनदा विचारू लागले. शेजारच्या टेबलावरची पोरगी माझ्याकडे बघायची. आमच्या प्रमुख बाईंनी नव्या लोकांना शिकवायची जबाबदारी देऊ केली, तेव्हा तू काय म्हणालास? ‘एखादा पत्ता चुकीचा ऐकलास आणि गाडी भलतीकडे गेली, तर झोप लागेल तुला?’ ते वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं. बाईंना नाही म्हटलं आणि फोनवरून काढून मला नोंदी विभागात टाका, असा अर्ज दिला. अर्जाचा मजकूर तूच सांगितलास. फार नेटका होता.

तर आईंनी कोपऱ्याला दोषी ठरवल्यावर मी आधी कान तपासून घेतले. तुला आठवतं, मी मागे तपासणीचं काढलं होतं तर तू म्हणाला होतास, ‘त्यात काय तपासायचं, दिसतंय की.’ काचेच्या खोलीत बसवलं, कानात बारीक बारीक शिट्ट्या वाजवल्या, ऐकू आली की बटण दाबायचं. डॉक्टरीण दार उघडून म्हणाली, ‘अगदी वरचे सूर थोडे उतरलेत, ते या वयात माझेही उतरलेत. बोलणं ऐकायला तुम्हाला काहीही अडचण नाही. तुम्हाला पाठवलं कुणी?’ मी म्हटलं, ‘नवऱ्याच्या खुर्चीने.’ आता ही बाई पुढच्या पेशंटला काय सांगेल कोण जाणे.

कान ठीक, तेव्हा मग खोलीची पाळी. सेटबरोबर आलेला तो माइक तुझ्या वायरींच्या डब्यात सापडला, तुझ्या कॅमेऱ्याच्या तिवईवर बसवला, बरोबर माझ्या कानांच्या उंचीवर, माझ्या कोपऱ्यात. पंखा बंद, फ्रिज बंद. आई मात्र चालू होत्या. ऐन हुंकारात शिंकल्या, सगळं पहिल्यापासून करावं लागलं. टॅबवर आलेख उमटला तेव्हा मी चष्मा पुसून पाहिला. खालच्या सुरांत हा एवढा डोंगर, तुझ्या पोटाला लाजवेल असा, आणि त्याला लागून खोल खड्डा. खालचे सूर घुमवणारा सबवूफर एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या कोपऱ्यात. मधे सगळा घुमारा साचलेला आणि माणसांचं बोलणं त्याच्याखाली गाडलेलं.

यंत्राने डोंगर छाटला. लगेच फरक पडला. खड्डा मात्र तसाच. मला वाटलं, हाताने वर उचलू. इक्वलायझरमध्ये तेवढाच सूर वाढवत नेला. सबवूफर गुरगुरला, कपाटातल्या कपबश्या किणकिणल्या, खड्डा तिळभर भरला नाही. मग वाचत बसले. तिथे भिंतीवरून परतणारी लाट मूळ लाटेला मारून टाकते. कितीही ओता, ओतलेलंही मरतं. इक्वलायझर त्या जागेपुढे हात टेकतो. सामानच हलवावं लागतं.

मग हलवलं. सोफा भिंतीपासून पुढे ओढला. सबवूफर कोपऱ्यातून काढला. मागच्या उघड्या भिंतीवर जाड पडदा लावला. बोलणं ज्यातून येतं तो मधला स्पीकर फक्त तुझ्या खुर्चीकडे मान करून होता, तो सरळ केला. तुझी खुर्चीही जरा सरकवली आणि सोफ्याच्या रांगेत आणली. आई काठीने दाखवत होत्या, मी ढकलत होते. मग सोफ्याची दोन टोकं आणि खुर्ची, अशा तिन्ही जागांवर माइक ठेवून मोजलं. तुझ्याही. खोटं सांगणार नाही, तुझ्या खुर्चीतला आवाज पूर्वीइतका अव्वल राहिलेला नाही. पोटात हादरा बसायचा तो जरा कमी झालाय. पण बोलणं तिन्ही जागांवर स्वच्छ कळतं.

फोनवर तुला एवढंच म्हटलं होतं, सेटिंग बदललंय, तर तू काय भडकलास! ‘हात कुणी लावायला सांगितला?’ आणि मला न विचारता दुकानातल्या माणसाला पाठवलंस. तो आला बिचारा पिशवी घेऊन. ‘साहेबांनी जुनं सेटिंग परत टाकायला सांगितलंय.’ मी दारातच उभी राहिले. म्हटलं, ‘सेट घरचा आहे आणि घरात मी आहे. आत या, ऐका, चहा घ्या. हात लावायचा नाही.’ तो तुझ्या खुर्चीत बसला, कपाळाला आठी घातली. ‘इथला बेस उतरलाय, मॅडम.’ ‘उतरलाय.’ ‘साहेबांना आवडणार नाही.’ तेवढ्यात आई कोपऱ्यातून म्हणाल्या, ‘साहेबाला मी जन्म दिलाय. आवडलं नाही तर मला सांगेल तो.’ त्याने मुकाट्याने चहा प्यायला आणि पिशवी न उघडता गेला. त्याच्यावर चिडू नकोस. आईंपुढे कुणाचं चाललंय?

त्यानंतरच्या सोमवारी सकाळच्या पाळीला हेडफोन चढवला. एका बाईचा फोन, मागे मिक्सर की ड्रिल काहीतरी चालू, तिचे वडील कोसळलेले. गल्लीचं नाव मला कळलं नाही. खरंच कळलं नाही. महिन्याभरापूर्वी मी माझ्याच कानांना दोष दिला असता. मी शांतपणे म्हटलं, ‘आधी ते मशीन बंद करा, आणि परत सांगा.’ तिने बंद केलं, सांगितलं, गाडी गेली. शेजारच्या पोरगीने मान वर करूनही पाहिलं नाही, कारण त्यात पाहण्यासारखं काही नव्हतंच. हे काम असंच करतात.

आता हे पत्र का लिहिलं ते. काल मी प्रमुख बाईंच्या खोलीत जाऊन अर्ज मागे घेतला आणि नव्या लोकांना शिकवायचं काम मागून घेतलं. बाई म्हणाल्या, ‘घरी विचारलंत का?’ मी म्हटलं, ‘कळवणार आहे.’ तर कळवते. वर्षअखेरीला मी नोकरी सोडून तिकडे तुझ्याकडे राहायला यायचं, असं तू ठरवलं होतंस. क्वार्टरमध्ये माझ्यासाठी कपाटही करून घेतलंस म्हणालास. छान केलंस, त्यात गमबूट ठेव. बोगदा पूर्ण व्हायला आणखी दोन पावसाळे लागतील असं तूच म्हणतोस, तोवर सुट्टीला ये, मी वाट बघेन. खरंच बघेन, तुझ्यावाचून घर मोठं वाटतं. रागवायचं तर रागव, आईंकडे तक्रार कर, भाऊजींना मध्ये घाल. फक्त ‘हिला ऐकूच आलं नसेल’ असं या वेळी कुणाला सांगू नकोस. गेल्या सुट्टीनंतर स्टेशनवर गाडी सुटताना तू खिडकीतून ओरडलास, ‘म्हणजे येतेयस ना?’ आणि मी काहीच बोलले नाही. तुला वाटलं, गोंगाटात हिला ऐकू गेलं नाही. मला अगदी स्पष्ट ऐकू आलं होतं. उत्तर आज देते. नाही, येत नाही.

तुझीच,
बायको