आंबा सोडलेला जामीनदार

चांदा,
३ जून १९५८

प्रिय रामाजी,

इसरूच्या बैलगाडीतून तुझी आंब्यांची टोपली परवा पोचली. वरचं तणस काढल्याबरोबर दुकान घमघमलं. ट्रंक घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पत्रा तपासायचं सोडून टोपलीकडेच बघत राहिलं. तुझ्या अख्तरीभाभीने मात्र कुणाला हात लावू दिला नाही. तिची तब्येत छान आहे. विहिरीवरून स्वतः पाणी आणते आणि दिवसभर माझ्यावर ओरडते, म्हणजे पुरती बरी झाली असं समज.

नागपूरला तिचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी इथल्या बँकेतून पाच वर्षांच्या मुदतीचं कर्ज काढलं. जामीन राहायची वेळ आली तर माझ्या सख्ख्या भावाकडे नेमके पाहुणे आले. तू वैनगंगा ओलांडून आलास, सही केलीस आणि चहासुद्धा न घेता परत गेलास. ते उपकार मी विसरलो नव्हतो, पण मला ते अर्धेच ठाऊक होते. उरलेले यंदा मार्कंड्याच्या जत्रेत कळले. दरवर्षीसारखा ट्रंका विकायला आलो, तुझ्याच पडवीत उतरलो. अंगणातलं झाड मोहराने भरलेलं बघून म्हटलं, यंदा रामाजीची चंगळ आहे. तर सुगंधावहिनी चुलीपुढून म्हणाल्या, "ते कुठी खाते आंबा? तुमचं कर्ज फिटतपर्यंत देवापुढं सोडला हाये त्याईनं." तू बैलांना पाणी दाखवायच्या निमित्ताने उठून गेलास. आणि मी मूर्ख, दोन वर्षांपूर्वी तू पाठवलेले आंबे कोपरापर्यंत रस गाळत खाल्ले, वर दोन आंबट निघाले म्हणून निरोपही धाडला.

त्यात तुझं झाड एक साल आड लागणारं. कर्जाची मुदत साठच्या दिवाळीपर्यंत, तोवर त्या सालचा हंगाम उलटलेला आणि पुढचं साल खाड्याचं. म्हणजे तुझ्या तोंडी आंबा पडणार बासष्टला. तुझे निम्मे दात तर आत्ताच गेलेत. मला राग आला, तुझाही आणि माझाही. सगळी लग्नसराई हातोडा खाली ठेवला नाही. उरलेलं सगळं कर्ज एकदम फेडण्याइतके पैसे जमले आणि बँकेत गेलो.

वाटलं होतं, बसायला खुर्ची देतील. मॅनेजर म्हणाले, मुदतीआधी फेडायचं तर पाचही वर्षांचं व्याज भरा. मी म्हटलं, जे दिवस पैसे वापरलेच नाहीत त्यांचं व्याज कशाचं? म्हणाले, नियम. पुन्हा गेलो तर म्हणाले, संचालकांची बैठक पोळ्यानंतर. तोवर आंबे काय तुमच्या तिजोरीत ठेवू, हे ओठांवर आलेलं गिळलं. काल मात्र माझीच एक ट्रंक नेली, बँकेच्या दारात मांडली आणि तिच्यावर बसून राहिलो. दुपारी मॅनेजर बाहेर आले. "अरे बाबा, लोकं कर्ज बुडवाले पाह्यते, तू फेडाले काऊन भांडून राह्यला?" तेव्हा पहिल्यांदा त्यांना तुझं सांगितलं, आंब्याचं सांगितलं.  त्यांनी आत जाऊन अध्यक्षांच्या घरी चिठ्ठी धाडली आणि संध्याकाळी माझं खातं बंद झालं. तीन महिन्यांचं व्याज जास्तीचं घेतलंच, शेवटी बँकच ती. मी हसत दिलं.

रामाजी, सकाळी अख्तरी चहाला भांडं ठेवते, तो आवाज मला अंथरुणात ऐकू येतो. तो तुझ्यामुळे ऐकू येतो. तुझ्या तोंडावर हे माझ्याने बोलवणार नाही, म्हणून लिहितोय.

आता टोपलीचं. हे पत्र घेऊन इसरू परत येतोय, आणि सोबत तुझीच टोपली आहे, एकही आंबा न काढलेली. तणसाखाली बँकेची पावती आहे. तुझा नवस सुटला. पहिला आंबा वहिनींसमोर तू खा. तू खाल्ल्याशिवाय बैल सोडायचे नाहीत, असं इसरूला बजावलंय. आमच्या वाटणीचे मागाहून पाठव. आणि आंबट निघाला, तर या खेपेला तू मला कळव.

तुझाच,
मुश्ताक