फळीवर न बसलेली खोपी

१४ नोव्हेंबर १९४७, हिंगोली
गोरा गार्ड बायकोपोरांसह विलायतेला गेला. जाताना अण्णांना एक खोका देऊन गेला. खेळण्यातलं किल्लीचं इंजिन, तीन डबे, वाकडे रूळ आठ, सरळ सहा, गाडी रूळ बदलते तो सांधा एक. अण्णा म्हणाले, मालबाबूच्या घरात मालगाडी आली. खोका माझ्या हातात दिला, दादासाठी ठेवला नाही. बरं वाटलं. असं वाटणं चांगलं नव्हे.

१७ नोव्हेंबर
नुसता गोल नको. आपलंच स्टेशन मांडायचं. फलाट, मालधक्का, पाण्याची टाकी, शेवटचा सांधा. मागच्या दाराची जुनी फळी मिळाली, साडेचार फूट. अण्णांचा जेवणाचा डबा घेऊन जाते तेव्हा यार्डात पावलं मोजते. एक बोट म्हणजे पाच पावलं. दादाला हायस्कूल मिळालं, मला अण्णांची संध्याकाळ. नकाशा काढणं त्यातच शिकले.
दादा वाशिमहून आलाय. "लग्नाचं वय झालं अन् ही आगगाडी खेळून राहिली." आई हसली. मीपण.

२५ नोव्हेंबर
टाकी ते शेवटचा सांधा बसत नाही. मधे कासीमचाचांची खोपी येते. ते सांधेवाले, गाडी नसली की तिथंच पडतात. खोपी धरली तर वळण फळीबाहेर जातं. तीनदा पुसलं. शेवटी दोन कागद केले. एक खरा. एक फळीचा, त्यात खोपी नाही, टाकीनंतर सगळं मोकळं.
चाचांना सांगितलं. "निकाल डाल बेटा, मैं बाहर सोतूं." ते हसले. मला मात्र दिवसभर चुकल्यासारखं वाटलं.

९ फेब्रुवारी १९४८
दादा पुन्हा आला. दाढी वाढलेली. निजामाविरुद्ध लढणाऱ्या सरहद्दीपलीकडच्या पोरांत असतो, हे घरात कुणी बोलत नाही. आज फळीशेजारी मांडी घालून बसला. हा सांधा कोणता, टाकीपासून किती. "बराबर आहे ना? तुझं मोजणं पक्कं असतं." असं तो पहिल्यांदाच बोलला. मी सगळं सांगितलं, विचारलं नाही तेही. खोपी वगळल्याचं तेवढं बोलले नाही. इतक्या वर्षांनी शाबासकी मिळत होती, त्यात आपली चूक कशाला दाखवायची.

१२ फेब्रुवारी
दादा पहाटेच गेला. फळीचा कागद सापडत नाही. खरा खोक्यात आहे. आई म्हणते उंदरांनी नेला असेल, दुसरा काढ.

३ मार्च
पहाटे मोठा आवाज. शेवटचा सांधा उडवला. गाडी नव्हती. खोपी कोसळली, चाचा आत झोपलेले. उजवा पाय गुडघ्याखाली राहिला नाही. परभणीला नेलंय.

४ मार्च
अण्णांना दिवसभर चौकीत बसवलं. यार्डातली माहिती बाहेर कशी गेली? त्यांनी सांगितलं, ठाऊक नाही. त्यांना खरंच ठाऊक नाही. संध्याकाळी सोडलं.
खरा कागद चुलीत घातला. अण्णांसाठी घातला, असं लिहिलं होतं. ते खोडलं. माझ्यासाठी घातला.

२० मे
चाचा घरी आले. मी आईबरोबर भेटायला गेले होते. चाचींनी चहा दिला, शेजारच्या घरातून साखर मागून आणली. चाचा म्हणाले, करणारा इथलाच असणार, परक्याला सांधा कसा सापडेल. मग म्हणाले, "पर इथंका रहता तो मेरी खोपी उसको मालूम रहती. है ना बेटा?"
मी व्हय म्हणाले. तेवढंच.
रूळ मांडलेले नाहीत. आई विचारते काहून. मी म्हणते, वेळ नाही.

२६ सप्टेंबर
निजामाचं राज्य गेलं. दादा आज गळ्यात हार घालून आला. स्वैपाकघरात एकटा सापडला तेव्हा कागदाचं विचारलं. तो स्वतः तिथं नव्हता, कागद पुढं दिला होता. "रात्री तिथं कुणी नसतं असंच सगळे समजले. कागदावर मोकळं होतं, कुसुम." टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर भांडता आलं असतं.
उद्या चारला मैदानात त्याचा सत्कार आहे. नकाशा बहिणीनं काढला, हे तो सर्वांसमोर सांगणार. नको म्हणाले. "लाजतेस काहून?"
अण्णा दारात होते. सगळं ऐकलं. एवढंच विचारलं, "खोपी तू वगळलीस?" मी हो म्हणाले. जेवले नाहीत.

२७ सप्टेंबर
सकाळपासून चाचांच्या दारात बैलगाडी उभी. घर हलवताहेत, जिंतूरला मेव्हण्याकडं. चाची म्हणाल्या, आता इथं झोप लागत नाही. चाचांना उचलून गाडीत बसवायला दोघं लागणार.
सभेच्या आधी मीच जाऊन सांगायला हवं. दुसऱ्याच्या तोंडून, टाळ्यांत, त्यांनी ऐकू नये. पण गाडी चारच्या आत निघाली तर त्यांना कळणारही नाही. हेही मनात आलं. आलं ते लिहिलं. दोनदा आपल्या उंबऱ्यापर्यंत गेले. अण्णा ओसरीवर बसून आहेत, जा म्हणत नाहीत, थांबही म्हणत नाहीत.
अडीच वाजले. बैल अजून जुंपलेले नाहीत.