ट्रक अजून चार बोटं खाली

११ जानेवारी, रविवार
आजपासून ट्रकच्या कामाची नोंद ठेवणार. मोठं काम हातात घेतलं की लिहून ठेवावं, नाहीतर मागाहून लोक श्रेय लाटतात. विशेषतः एलॉय.

कारण असं. सकाळी मिस्साला निघालो. एर्लिंदानं ट्रकच्या दाराला धरलं, एक पाय वर टाकला आणि परत खाली घेतला. म्हणाली, "आर्सेनिओ, मला आता यात चढवत नाही." तीस वर्षं ती याच शेव्ही ट्रकमध्ये चढते आहे. लग्नाच्या दिवशीसुद्धा चढली होती, तो पायघोळ झगा सावरत.

डॉक्टर लोक ऑक्टोबरपासून तिला सुया टोचताहेत. ट्रकची उंची एकानं मोजली नाही. तिला वर चढता येत नसेल तर ट्रक खाली येईल, इतकं सोपं आहे. ईस्टरला सगळं खोरं आपापल्या खाली बसवलेल्या गाड्या घेऊन एस्पान्योला गावात रिव्हरसाइड रस्त्यावर मिरवायला उतरतं. यंदा आम्हीही. ट्रक जमिनीला टेकलेला, मी आरामात चालवतोय, एर्लिंदा शेजारी.

लग्नाच्या दिवशी मी ट्रक चर्चपासून हॉलपर्यंत इतका हळू नेला होता की ती मध्येच उतरली आणि झगा उचलून चालत गेली. मी पोचलो तेव्हा ती हातात जेवणाची ताटली घेऊन दारात उभी. अजून प्रत्येक लग्नात सांगते. म्हणते, या माणसाबरोबर जायचं तर चालत जावं, लवकर पोचतो.

२५ जानेवारी
आमची लेक कोरिना येऊन आईला सांता फेला आपल्या घरी घेऊन गेली. तिथून हॉस्पिटल जवळ. थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे. एका परीनं बरं झालं, अंगण मोकळं झालं. जॅक, ग्राइंडर, सगळं पसरता येतं.

जेवण: डब्यातले बीन्स. मिरची घालायची राहिली.

८ फेब्रुवारी
एलॉय आला. समोरच राहतो. कोरिनाच्या बाप्तिस्म्याला त्यानं तिला हातावर घेतलं होतं, तिचा धर्मपिता तो, म्हणून मी त्याला कॉम्पाद्रे म्हणतो आणि त्याचं ऐकून घेतो. त्याचं म्हणणं, तयार बुटक्या स्प्रिंगा मिळतात त्या मागव, आणि बरोबर दणके झेलणारे शॉकॲबही आखूड घे. मी म्हटलं, आपण पोरं होतो तेव्हा मागे वाळूची पोती टाकून गाड्या खाली बसवल्या, कोणी काय मागवलं होतं? तो म्हणाला, तेव्हा आपल्या कमरा चांगल्या होत्या. त्याचा स्वतःचा ट्रक उंटासारखा उभा आहे. तो मला शिकवणार.

जाताना त्यानं विचारलं, एर्लिंदा कशी आहे. मी सांगितलं, पुढच्या स्प्रिंगांना गंज आहे, पण निघतील.

१५ फेब्रुवारी
सांता फेला गेलो. एर्लिंदा पलंगावर. बारीक झाली आहे, पण केस विंचरलेले होते. मी तिला सगळं समजावून सांगितलं. पुढे किती खाली, मागे किती, चाकाच्या वर किती जागा राहील. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "ट्रक राहू दे रे. ती खुर्ची ओढ आणि बस इथे."

बसलो. पण खुर्चीत बसल्यावर लक्षात आलं की आपल्या ट्रकची सीट याहून टणक आहे. स्पंज बदलायला हवा. बरं झालं तिनं आठवण करून दिली. दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून लगेच निघालो.

२५ फेब्रुवारी, राखेचा बुधवार
उपवासकाळ सुरू, ईस्टरपर्यंतचे संकल्प: बिअर बंद. सांता फेला एक दिवसाआड जाणे. एलॉयशी वाद न घालणे.

२६ फेब्रुवारी
खालच्या आर्मचा बोल्ट निघाला. एक बिअर. बोल्ट निघाल्याची बिअर उपवासात धरत नाहीत.

१ मार्च
सांता फेला जाणं झालं नाही. वारा होता.

७ मार्च
पुढच्या स्प्रिंगा कापल्या. एक वेढा कापून बसवून पाहिलं, काही फरक दिसेना. आणखी एक कापला. आता पुढून ट्रक प्रार्थनेला गुडघे टेकल्यासारखा, आणि मागून शेपटी वर. एलॉय कुंपणापाशी उभा राहून हसला. मी वाद घातला नाही. फक्त त्याच्या उंटाबद्दल एक वाक्य बोललो.

कोरिनाचा फोन. आता घरी नर्स येते. मी विचारलं, आईला ट्रकचं सांगितलंस का? ती मग म्हणाली, "बाबा, तुम्ही येता कधी?" मी म्हटलं, मागची बाजू झाली की येतोच, ट्रक घेऊनच.

२१ मार्च
पाटातला गाळ काढायचा दिवस. घरटी एक माणूस आणि एक फावडं, अशी आमच्या गावची रीत. मी गेलो नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ट्रक जॅकवर असताना माणसानं घर सोडू नये.

संध्याकाळी एलॉय चिखलाच्या बुटांनी आला. सगळ्यांनी विचारलं म्हणे, आर्सेनिओ कुठे आहे. दफनभूमीच्या वळणावर पाट रस्त्याखालून जातो तिथे नवा जाडा पाइप टाकला आणि वर माती चढवली, तेही सांगत बसला. मी म्हटलं, छान, मला त्या रस्त्याला काय काम? त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि बूट झटकायला बाहेर गेला.

२८ मार्च
मागची बाजू खाली आली. ट्रक अजून चार बोटं खाली. आता शॉकॲब. यावर मी तीन दिवस विचार केला आहे, घाई नाही. गॅसचे येतात ते कडक. तेलाचे येतात ते मऊ. कोरिना म्हणते, हल्ली चादर बदलतानासुद्धा आईची हाडं दुखतात. तेव्हा मऊच. पण दुकानात आखूड मापात कडकच होते. मऊ होते ते मूळच्या लांबीचे. मी मऊ घेतले. लांबी काय, जागा काढता येते.

एलॉयनं एक हातात घेऊन पाहिला. म्हणाला, "कॉम्पाद्रे, हा लांब आहे. ट्रक खाली आला, हा येणार नाही. भार पडला की तळाला आपटेल."

मी म्हटलं, कसला भार? एर्लिंदाला आता वजन असं राहिलेलंच नाही.

 त्यानं पाना दिला, मी नट आवळला.

२ एप्रिल
कोरिनाचा फोन. "बाबा, ईस्टरची वाट बघू नका. असाल तसे या." मी म्हटलं, डावा शॉकॲब बसला, उजवा तेवढा राहिलाय. तिनं फोन ठेवला. आईवर गेली आहे. धीर म्हणून नाही.

५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
झाला. दोन्ही बाजू सारख्या. सीट आता बरोबर एर्लिंदाच्या गुडघ्याशी येते. नुसतं मागे टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. ट्रक धुतला आणि सांता फेला निघालो. प्रत्येक खड्ड्याला मागे धाड धाड. नव्या शॉकॲबला बसायला वेळ लागतो.

कोरिनाच्या दारात उभा केला. आत लगेच गेलो नाही. आवाज कुठून येतो ते बघत होतो. मग ट्रकमध्येच बसलो थोडा. शेवटी कोरिना बाहेर आली आणि दार उघडून नुसती उभी राहिली, तेव्हा उतरलो.

एर्लिंदा जागी होती. मी सांगितलं, खाली आला बघ, आता तुला चढायचंच नाही, फक्त बसायचं. खिडकीतून ट्रकचं छत दिसत होतं, तेवढं तिनं पाहिलं. मग माझा हात हातात घेतला.

"ग्रीस लागलंय," ती म्हणाली.

मी म्हटलं, धुऊन येतो.

"राहू दे. नको धुऊस."

पण पांढरी चादर होती. मी धुवायला गेलो. ग्रीस सहज निघत नाही. नखांत तर फारच. परत आलो तेव्हा तिला झोप लागली होती. झोपू दिलं. झोप चांगली असते.

७ एप्रिल, मंगळवार
एर्लिंदा सकाळी गेली.

हात स्वच्छ आहेत.

१२ एप्रिल, ईस्टर
पवित्र आठवड्यामुळे अंत्यविधीची मिस्सा पुढे ढकलली. उद्या आहे. दिवसभर हायवेकडून गाड्यांचा आवाज येत होता, सगळे रिव्हरसाइडला चालले होते. काहींनी आमच्या वळणावर हॉर्न दिला.

कोरिनानं शववाहिका सांगितली होती. मी नाही म्हटलं. हा ट्रक तिच्यासाठी केला आहे. ती यातूनच जाईल. कोरिना रडली, पण हो म्हणाली. दुपारी मी सीटचा नवा स्पंज बसवला. कशासाठी ते माहीत नाही. आणलेला होता.

१३ एप्रिल, सोमवार
पेटी चढवायला काही जोर लागला नाही. सगळे म्हणाले, उंची अगदी बरोबर आहे. कोरिनाच्या नवऱ्यानंही म्हटलं. पेटीला धरून मागे दोघं भाचे बसले. मी हळू चालवला, तिला धक्का बसू नये म्हणून. चर्चपासून सगळं गाव मागून चालत येत होतं, आणि मी त्यांच्याहूनही हळू.

दफनभूमीच्या वळणावर तो नवा पाइप. मातीचा उंचवटा केवढा केला आहे ते मी पाहिलंच नव्हतं. पुढची चाकं पलीकडे गेली. मग मागे दणका बसला आणि ट्रक पोटावर टेकला. ॲक्सिलरेटर दाबला, चाकं नुसती फिरली. भाचे उतरले, तरी हलेना. पुन्हा दाबला. मागे लोक थांबले होते. कोणी हसलं नाही.

एलॉय खिडकीशी आला. आखूड शॉकॲबचं काही बोलला नाही. म्हणाला, "कॉम्पाद्रे, बंद कर. आम्ही नेतो तिला."

पेटी उतरवायलाही काही जोर लागला नाही. सहा जणांनी खांद्यावर घेतली आणि चढ चढू लागले. कोरिना त्यांच्यामागे. मग सगळे ट्रकला वळसा घालून गेले, एकेकानं छतावर हात ठेवला. मी स्टिअरिंग धरून बसलो होतो. शेजारी नवी सीट. कोणी बसलेलं नाही तिच्यावर.

मग उतरलो आणि चालत निघालो. चढ आहे, दम लागला. पोचलो तेव्हा एर्लिंदा केव्हाच पोचली होती.