खोली दोनमधली गर्दी

तीर्थस्वरूप मामींना,

दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात चहा होता, तो खाली ठेवून). तुमचं ब्लडप्रेशर आणि मामांचा गुडघा दोन्ही ताळ्यावर असतील, अशी आशा करते. मी ठणठणीत आहे. हे पत्र आभाराचं आहे, पण आभाराला कारण लागतं, म्हणून आधी माझी फजिती ऐका.

तुम्हाला वाटतं, मी समुद्रावर काम करते. मी गेली तीन वर्षं दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटरसमोर बसते. त्यात आम्ही एक समुद्र केलाय. पाणी हलतं, डोळ्यांना न दिसणारं शेवाळ वाढतं, बारीक जीव ते खातात, मरतात आणि तळाशी जातात. आता शेवाळ किती भराभर वाढतं, जीव किती खादाड, मेलेले किती वेगानं बुडतात, हे आकडे नेमके कुणालाच ठाऊक नसतात. मग खऱ्या समुद्रातून बाटल्यांत भरून आणलेल्या पाण्याशी आमचा समुद्र जुळेपर्यंत ते कमीजास्त करत बसायचं. (याला पगार मिळतो.)

माझं काही केल्या जुळेना. सगळे आकडे चाळून प्रोग्रॅमनं निकाल दिला, की मेलेले जीव वर जातात! माणसांबद्दल बोलायला ठीक आहे, पण साहेबांना पटेना. महिनाअखेर जुळलं नाही तर काम बंद, आणि मीही घरी, असं त्यांनी सांगून टाकलं.

त्या मंगळवारी मामांच्या गुडघ्याची चौकशी करायला मी फोन केला आणि बोलता बोलता रडगाणं सुरू केलं: खोली दोनमध्ये नव्वद जीव, तीनमध्ये एकही नाही, पुन्हा चारमध्ये दीडशे. तीस वर्षं मुलींचं वसतिगृह सांभाळलेल्या तुम्ही! तुम्ही कडाडलात, "अगं, तीन रिकामी असताना चारमध्ये दीडशे कोंबल्या कुणी? खोल्या वाटून देणाऱ्याला आधी धर!" मी पोट धरून हसले, मामी. समुद्राची खोली वेगळी, हे समजवायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

कुठल्या बाटलीत किती जीव सापडले, त्याची वही लिहितात बोटीवरचे आमचे बाटलीकाका. त्यांच्या 'खोली' या रकान्यातले आकडे मी आठ महिने मीटर म्हणून कॉम्प्युटरला भरवले होते. तुमचा फोन ठेवून त्यांना विचारलं, तर काका म्हणाले, ती शीतगृहाची खोली, बाटली कुठे ठेवली ते कळायला. तीन नंबरचं कूलिंग बिघडलंय, म्हणून तिथे काही ठेवत नाहीत. (रिकामं म्हणजे शून्य, हे माझंच डोकं.) मग पाणी किती खोलवरचं? तर शेजारी 'दोर' असा रकाना आहे, किती मीटर दोर सोडला त्याचा. तो मी दोरखंडांच्या साठ्याची नोंद समजून गाळला होता.

रकाने बदलले. तिसऱ्या दिवशी मेलेले जीव निमूट खाली जाऊ लागले. सगळं नाही, पण बरंच जुळलं. साहेब म्हणाले, चालू ठेव. मामी, माझं काम तुमच्यामुळे वाचलं. तुमचे उपकार मी कधी विसरणार नाही.

तुमची भाची

ता.क. अहवालात 'तज्ज्ञ सल्ला' म्हणून तुमचा उल्लेख केलाय. साहेबांनी तुमचा विषय विचारला. मी 'वसाहतींमधील दाटी' असं लिहून दिलंय, सांभाळून घ्या.

ता.क. २. तो फोन गुडघ्यासाठी नव्हता. राजीनामा लिहून झाला होता आणि तुमच्याकडे राहायला येऊ का, हे विचारायचं होतं. तुम्ही अशा पेटलात की ते राहूनच गेलं. आता राजीनामा फाडलाय, मी येत नाही. पण विचारलं असतं, तर हो म्हणाला असतात ना? एवढं मात्र लगेच कळवा.