औंढ्याचा फेटा

चैत्र व. ३, मंगळवार, शके १८५६. लोणावळे

औंढ्याच्या जत्रेत शेवटची कुस्ती जिंकली गावच्याच किसनने. मी पाठवलेल्या आणि काल छापून आलेल्या बातमीत तोच हरला आहे. खात्री औंढ्याच्या पाटलांकडून. अंक घेऊन सकाळी ओट्यावर आले. बसले नाहीत, पाणीही घेतले नाही.

"कुसगावचा हणमा जितला म्हून लिवलंय. त्याची पाठ मातीत रुतलीवती की वो! तुमी फुडं बसलावता, का झोपलावता?"

चौकशी करतो म्हणालो.

"चौकशी कुणाकडं? म्याच तर बांधला फेटा."

फेट्यानेच घात केला. सगळीकडे कुस्तीच्या हौद्यात जिंकणाऱ्याला फेटा बांधतात. औंढ्यात पडलेल्या पाहुण्याला आधी. बोडक्या डोक्याने पाहुणा गावाबाहेर जाऊ नये म्हणून. जिंकणाऱ्याचा मान नंतर देवळात. रीत मला ठाऊक आहे, त्या वेळी आठवली नाही. आजवर फेट्याकडे बघून निकाल लिहावा लागला नव्हता. परवा दोन तांबडी अंगे एकमेकांत मिसळली, मग कुसगावकरांच्या घोळक्यात एक भगवा ठिपका वर निघाला. तेवढ्यावर बातमी लिहून संध्याकाळच्या गाडीने पुण्याला रवाना केली.

खुलासा लिहून पाठवला. कारण: घाई.

व. ४, बुधवार

ओट्यावर कुणी काजळाची डबी ठेवून गेले. खाली औंढ्याच्या बातमीचे कात्रण. हा किसनच्या बापाचा, शंकरआबाचा आहेर. सौ.ने डबी उघडून वास घेतला. "घरचं आहे, तुपातलं. माझं संपलंच होतं." लावूनही मोकळी झाली.

म्हटले, परत पाठव.

"का? त्यांना तुमचं दिसतंय, तुम्हालाच दिसत नाही. दिवाळीपासून अंक मी वाचून दाखवते, ते काय हौस म्हणून?"

जेवण फारसे गेले नाही. भाजीत खडा होता. तो मात्र दिसायच्या आधी दातालाच कळला.

व. ५, गुरुवार

तळेगावला जाऊन आलो. सौ.ने बोलावून ठेवलेला टांगा दारात, मी नाही म्हणेपर्यंत शेजारी जमलेले. म्हणून गेलो.

डॉक्टर वयाने तरुण, हात थंड. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकला, डावा अजून कच्चा. पेरू आहेत काय? उजवा सोमवारी काढतो म्हणाला. नंतर पट्टी बांधून उताणे पडायचे, हसायचे नाही, खोकायचे नाही, वाकायचे नाही. हसण्याची चिंता नको म्हणालो. सौ. त्याच्याशी माझ्याबद्दल माझ्यासमोरच बोलत होती, मी बाजारात आणलेला बैल असल्यासारखे. "ओळीवर ओळ चढते यांची. कागदावर पट्टी ठेवून लिहितात."

आत्ताही पट्टी ठेवूनच लिहितो आहे. लिहितो आहे ना?

परतताना स्टेशनवर हणमाचा मामा भेटला. हातात साखरेचा पुडा कोंबला. "कुसगावची अब्रू राखलीत, भाऊ." औंढ्याचे काजळ परवडले.

व. ६, शुक्रवार

संपादकांचे कार्ड. सौ.ने वाचले, मुद्दाम सावकाश. खुलासा छापतील. घाईचे कारण त्यांना पटलेले नाही. रविवारी भैरवनाथाच्या जत्रेत कुसगावला किसन–हणमाची पुन्हा जुंपणार, ती बातमी त्याच रात्रीपर्यंत हवी. तीही चुकली तर लोणावळ्याला दुसरा माणूस बघणार.

दुपारी बाजारात शंकरआबाने गाठले. भोवती दोन्ही गावची माणसे. आवाज गोड.

"भाऊ, पंचावरनं अडलंय बगा. आमचा त्यास्नी नको, त्येंचा आमास्नी नको. म्या म्हनलं, भाऊच व्हत्याल पंच. त्येंच्या नजरंतनं काय सुटत न्हाई."

मागे कुणी तरी फिस्सकन हसले. कुसगावकर लगेच तयार. त्यांना मी त्यांचाच माणूस वाटतो.

"का वो, गप का? दिसतंय न्हवं समदं?"

नाही म्हटले असते तर तिथेच सगळे संपले असते. बरं म्हणालो.

"मोठ्यानं बोला, भाऊ. आमास्नी ऐकायला कमी येतंय."

मोठ्याने बरं म्हणालो.

व. ७, शनिवार

सौ.ला आज कळले, भाजीवालीकडून. आदळआपट नाही. ती शांत बसली की मला जास्त भीती वाटते.

"डोळ्यांपायी पोट जाईल म्हणून लपवलंत, कळतं मला. आता हौद्यात उभे राहून काय लपवणार?"

मी दिवसभर तेच जुळवतो आहे. किसनचा डावा कान मोडलेला, हणमाचे दोन्ही शाबूत. सलामीआधी पंच दोघांच्या अंगाला माती लावतो, तेव्हा कान चाचपता येतील. पाठ लागली का ते पंजा खाली सरकवून बघायचे. जुने पंच तसेच बघत. मोडका कान वर असला की किसन जिंकला, खाली असला की हणमा. एवढे जमले पाहिजे.

"आणि दोघं मिळून तुमच्या अंगावर आले तर?"

तेही दिसणार नाही, म्हणालो. ती हसली नाही.

सोमवारची पिशवी तिने भरून ठेवली आहे. उद्या कुसगावच्या देवळाच्या ओट्यावर बायकांत बसणार म्हणते. कुस्ती सुटली की मी सांगायचे, तिने लिहायचे, टांगा तयार. संपादक माझे अक्षर ओळखतात. दुसऱ्याचे दिसले की पहिल्या ओळीतच उमजतील. तसे सांगितले.

"उमजू देत. बातमी तर खरी जाईल."

हो म्हणालेलो नाही. तिने दौत-टाक पिशवीत, धोतराखाली ठेवला.

सलामी चार वाजता. शंकरआबाने सगळ्या औंढ्याला बोलावले आहे म्हणतात. कुस्ती बघायला नव्हे, पंच बघायला.