डोळ्यांची आखणी

सुजय,

यापुढे तुला 'अहो' म्हणणार नाय.

लॉकडाऊन लागला तसं तू मला रोह्याहून पेणला, माझ्या आईकडे आणून सोडलंस. "एमएससारखा नसांचा आजार झालेली, हात थरथरणारी बायको कोण सांभाळणार?" असं दारातच म्हणालास. त्या आजाराचं इंजेक्शन कुठून येणार, हे विचारलंसुद्धा नाय.

मुंबईची गाडी पेणला न थांबता ते वडखळलाच उतरवायची. तिथून मासळीवाली पुतळीमावशी तिच्या बर्फाच्या पेटीतून आणायची. "फडक्यात गुंडाळलंय गो, गोठायचं नाय," म्हणायची. खोक्याला बोंबलांचा वास यायचा. मी टोचून घ्यायची आणि बाबांच्या कारखान्यात गणपती रंगवायला बसायची.

हात अजून थरथरतो. मनगटाखाली उशी घेते, श्वास रोखते आणि हात थांबला की डोळे आखते.

तुझ्या आईने दरवर्षीसारखा यंदाही आमच्याकडूनच गणपती मागवला. काल तो रोह्याला गेला. त्याचे डोळे मी आखलेत, याच हाताने, बोंबलांच्या वासासकट. सोवळ्यात बसत नसेल तर परत पाठव.

हे पत्र मात्र मी पाठवत नाय, त्याची गरजच नाय. आरतीला त्याच्यासमोर उभा राहा. कोणाची नजर आधी खाली जाते, ते तुझं तुलाच कळेल.

नमिता
रामवाडी, पेण