आबा, मी विस्तव मागितला

प्रिय आबा,

'प्रिय' वाचून हसू नका. तुम्ही असताना तुमच्या लेकीनं असं काही म्हटलं असतं तर तुम्ही आधी विचारलं असतंत, "काय पायजे?" आज काही नको आहे. एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जायच्या आत मीच सांगावी म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन वर्ष झालं, तरी गावातल्या बातम्या तुमच्यापर्यंत पोचतात असंच मी अजून धरून चालते.

काल मी तुम्हाला दिलेला शब्द मोडला. भर रस्त्यात, लोकांसमोर, एका परक्या बाईकडं हलगी तापवायला विस्तव मागितला.

थांबा, रागावू नका. आधी सगळं ऐकून तरी घ्या!

अजिंक्य आठवतो का? कागलचा, गाण्यांना चाली लावणारा, मानेवर केस रुळणारा पोरगा. आपल्या घरी आला होता तेव्हा तुम्ही आईला म्हणाला होता, "ह्येला कुणीतरी न्हाव्याकडं न्या की." तेही त्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात! त्या अजिंक्यचं गाणं यंदा आपल्या देशातर्फे एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडलं गेलं. एका देशाचं एकच गाणं. परीक्षक तिकडं परदेशात बसणार, आणि प्रत्येक देशानं आपापल्या गावातून, ठरलेल्या मिनिटाला, थेट गायचं. आपलं गाणं कोल्हापुरातल्या एका नाट्यगृहातून जाणार होतं, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी. गाणं तीन मिनिटांचं, आणि त्यातली पहिली वीस सेकंदं नुसती हलगी. गायिका नाही, पेटी नाही. फक्त मी आणि तुमची हलगी.

हो, तुमचीच. कॉलेजच्या पथकात वाजवायचे ती प्लास्टिकची नाही.

तुम्ही गेल्यावर मी ती माळ्यावरून काढली. जुन्या धोतरात गुंडाळलेली होती. मला वाटलं, एवढी वर्षं पडून आहे, कातडं फाटलं असेल, उंदरांनी खाल्लं असेल. उघडून बघते तर कातडं नवं! कड्याला तेलाचा हात फिरवलेला! आईला विचारलं तर ती पदरानं डोळे पुसायला लागली. दर खंडेनवमीला आम्हाला बाहेर पाठवून, दार लावून तुम्ही तिची पूजा करत होता म्हणे. मधे एकदा गुपचूप कातडंही बदलून आणलंत. आबा, हे काय हो? मला म्हणायचात, "ती मेली माझ्यासाठी." आणि स्वतः मात्र तिला हळदकुंकू लावत होता? मला एकदा जरी आत बोलावलं असतंत!

मला तुम्ही शिकवलं असं एकच वाक्य. गणपतीच्या मिरवणुकीत मी पथकात वाजवत होते आणि तुम्ही गर्दीत उभे होता. रात्री जेवताना ताटातून मान वर न करता म्हणालात, "डावा हात मागं पडतोय तुझा." एवढंच! मी महिनाभर डाव्या हाताचा सराव केला आणि तुम्हाला सांगितलंसुद्धा नाही. त्याची रुखरुख आहे मला. सांगायला पाहिजे होतं.

आणि तो शब्द. मी नऊ वर्षांची असेन. बिस्किटाच्या डब्याचं झाकण दोन पेन्सिलींनी बडवत बसले होते. तुम्ही फौंड्रीतून आलात, झाकण काढून घेतलंत आणि मला समोर बसवलंत, मोठ्या माणसाला बसवावं तसं. मग त्या जत्रेचं सांगितलंत. गावाचं नाव तुम्ही घेतलं नाही, मीही लिहीत नाही. कुस्त्यांचं मैदान होतं, पाऊस येऊन गेलेला, हलगीचं कातडं सैल पडलं होतं. तुम्ही जवळच्या घराच्या पायरीशी जाऊन विस्तव मागितलात. घरची बाई खापरात निखारे घेऊन दारापर्यंत आलीही होती. आतून आवाज आला, "हलगीवाल्याला आपल्या चुलीतला विस्तव न्हाय द्यायचा." ती तशीच मागं फिरली. तुम्ही सैल हलगी घेऊन मैदानात गेलात. ढप ढप वाजली ती. माणसं हसली. घरी येऊन तुम्ही ती माळ्यावर टाकलीत आणि फौंड्रीत भट्टीवर कामाला लागलात. तिथल्या आगीपुढं उभं राहायला तुम्हाला कुणी मना केलं नाही.

"रुपे," तुम्ही म्हणालात, "काय बी कर. पर कुणाच्या दारात विस्तव मागाय हुबी ऱ्हायाची न्हाईस. घे आण माझ्या गळ्याची."

मी घेतली. नऊ वर्षांच्या पोरीला काय कळतंय! पण ती मी काल दुपारपर्यंत पाळली.

काल सकाळी हलगी घरीच गॅसवर तापवली, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून नेली. तीन दिवस पावसाची झड लागलेली. नाट्यगृहात वर थंड हवेचं यंत्र चालू, आणि कॅमेरावाल्यांना ते बंद करायचं नव्हतं. दोन वाजताच्या तालमीत ती ठीक होती. चार वाजता टिपरू मारलं आणि आवाज आला, ढप. आबा, तुम्ही सांगितलेला तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, तोही नेमका काल!

रंगभूषेच्या खोलीतलं केस वाळवायचं यंत्र फिरवून पाहिलं. मिनिटभर बरी वाजली आणि परत बसली. अजिंक्य घामाघूम. बिचारा वाईट नाही, पण घाबरला होता. म्हणाला, "रूपाताई, मागं रेकॉर्ड केलेली हलगी आहे आपल्याकडं, ती लावतो. गाणं थेट पाहिजे, वाद्य चालतंय रेकॉर्डचं, नियमात बसतंय. तुम्ही नुसते हात हलवा."

नुसते हात हलवा! तुमची हलगी पुढ्यात धरून, सगळ्या जगासमोर, मी वाजवल्याचं सोंग करायचं?

मी विंगेत गेले, पिशवीतला वर्तमानपत्राचा कागद चुरगाळला आणि काडेपेटी काढली. एवढ्यात नाट्यगृहाचे जुने राखणदार, सर्जेरावमामा, ओरडत आले. "ओ बाई! आत काडी वडायची न्हाय!"

आणि माझा तोल गेला. तुमचाच राग तो, दुसऱ्या कुणाचा असणार? मी म्हणाले, "का? हलगीवाल्यांनाच विस्तव न्हाय व्हय तुमच्यात?"

कॅमेरावालेसुद्धा वळून बघायला लागले. मामांना आधी कळेचना मी काय म्हणतेय. मग कळलं. त्यांचा चेहरा पडला, आणि आवाज एकदम खाली आला. "बाई, आत समदं लाकूड आन् पडदं हायत. नाटकातल्या देवाफुडं निरांजन लावायचं झालं तरी मी इजलीचं लावतो. आमदाराच्या पोराच्या केकावरची मेणबत्ती भाईर न्हेऊन इजवलीया मी. कुणालाच न्हाय हितं. तुमालाच म्हून न्हाय." आणि हात बाहेरच्या बाजूला करून म्हणाले, "फाटकाच्या भाईर कणसंवाली बसलीया. तिची शेगडी हाय. तिला मागा की."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माफी मागायला वेळ नव्हता. घड्याळात चार वाजून तेरा मिनिटं झाली होती.

मी रेनकोट अंगात अडकवून, हलगी घेऊन पायऱ्यांपर्यंत गेले आणि थांबले. आबा, खरं सांगते, तीन-चार मिनिटं मी तिथं खांबासारखी उभी होते. समोर फाटक, फाटकापलीकडं निळी ताडपत्री, ताडपत्रीखाली धूर. वीस पावलंसुद्धा नसतील. एका बाजूला तुमच्या गळ्याची आण. दुसऱ्या बाजूला तुमचीच हलगी ढप वाजणार, नाहीतर वाजणारच नाही. ती बाई 'नाही' म्हणाली तर? बघितलंच नाही माझ्याकडं तर? मग मी आत जाऊन कुठल्या हातानं वाजवणार होते? तुम्ही त्या पायरीशी उभे होता तेव्हा तुम्हालाही असंच वाटलं होतं का? मला कधी सांगितलं नाहीत ते.

मग मी गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही. हात हलवून सोंग करायचं माझ्यानं होणार नव्हतं, एवढंच.

शेगडीभोवती पाच-सहा माणसं होती. मावशी पुठ्ठ्यानं निखाऱ्यावर वारा घालत होती. मी म्हणाले, "मावशी, विस्तव मिळंल का?"

तिनं मान वर केली नाही. "कणीस पायजे तर मागं हुबी ऱ्हा. नंबर हाय."

"कणीस न्हवं. हलगी तापवायची हाय."

आता तिनं वर बघितलं. आधी हलगीकडं, मग माझ्याकडं. "कुणाची गं तू?"

काय सांगू तुम्हाला! हा प्रश्न आपल्या भागात कुणीही कुणालाही विचारतं, हे मला कळतं. पण त्या क्षणी मला तुमची ती जत्राच आठवली. आत टीव्हीचा कार्यक्रम आहे, मी तिथली आहे, असं सांगून सुटता आलं असतं. मी नाही सांगितलं. म्हणाले, "कोडोलीच्या म्हादबा हलगीवाल्याची."

ती "मला काय ठावं न्हाय बघ," म्हणाली. आणि लगेच ओरडली, "मग हुबी का? बस की खाली! कातडं गार पडलंय नुस्तं!"

आबा, तिनं शेगडीवरची सगळी कणसं नुसत्या हातानं उचलून पोत्यावर ठेवली! एक स्कूटरवाला म्हणाला, "ओ मावशी, माझं भाजत आलतं की!" तर ती त्याच्यावरच डाफरली, "तुझं कणीस पळून जातंय व्हय? पोरीचं काम हाय, थांब जरा!" मग गंमत म्हणजे त्यानंच आपली छत्री माझ्या डोक्यावर धरली.

मी हलगी निखाऱ्यांवर फिरवायला लागले. मारलं, ढप. पुन्हा फिरवली. चार पंचवीस. मारलं, अजून बसलेली. मावशीनं निखारे वर ओढले, जोरात वारा घातला. धुरानं डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, घाईत कड्याजवळ कातडं थोडं करपलं. तुम्ही असता तर हातातून हिसकावून घेतली असती. चार पस्तीसला टिपरू मारलं आणि ती बोलली. टण्ण! रस्त्यावरची माणसं वळली.

"आता पळ," मावशी म्हणाली. "पोटाशी धर. रेनकोटाच्या आत घे, वारं लागू दिऊ नगं."

फाटकात सर्जेरावमामा उभे होते. "चला, चला! चार मिन्टं ऱ्हायलीत!" असं ओरडत ते माझ्या पुढं धावत होते, लोकांना बाजूला करत. ती गरम हलगी पोटाला चटके देत होती. मंचावर पोचले तेव्हा अजिंक्यचं बोट लॅपटॉपवर होतं, रेकॉर्डची हलगी लावायला तयार. मी मान हलवून 'नको' म्हटलं. त्यानं बोट मागं घेतलं. समोर लाल दिवा लागला.

त्या वीस सेकंदांतलं मला फारसं आठवत नाही. पहिला ठोका कडक पडला तेवढा आठवतो, आणि माझा डावा हात मागं पडला नाही, हेही. एवढंच तुम्हाला सांगायचं होतं. बाकी गाणं कुणीही सांगेल, गायिका छानच गायली. संध्याकाळी निकाल लागला, आपला देश नववा आला. अजिंक्य तासभर रुसून बसला, मग वडापाव खाल्ल्यावर बरा झाला. मी मामांची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या बाई. म्या समजलो." आणि डोळे चुकवून दिव्यांची बटणं बंद करायला निघून गेले.

आता थोडं भांडते. काल निघताना मनात आलं, आबा एका दारावरून फिरले आणि सगळं सोडलं, पुढच्या दारात गेले असते तर? मग माझीच मला लाज वाटली. मला बोलायला काय जातंय? त्या वेळी पुढच्या दारातही तेच ऐकायला लागलं असतं, आणि त्याच्या पुढच्या दारातही. तुम्ही ती सगळी दारं मला न दाखवताच बंद केलीत, माझ्या भल्यासाठीच. फक्त आतली खोली तेवढी माझ्यासाठी उघडी ठेवायला हवी होती. दर खंडेनवमीला मी बाहेर गल्लीत खेळत होते, आणि तुम्ही आत होता. ते काही मला विसरता यायचं नाही.

संध्याकाळी मावशीकडं गेले. तिनं लांबूनच विचारलं, "वाजली का गं?" मी म्हणाले, "वाजली." तिनं एक कणीस हातात ठेवलं आणि पैसे घेतले नाहीत. मी तिला आपल्या घरचा पत्ता दिला.

आबा, शब्द तर मोडलाच आहे, आता त्याच्या बदल्यात दुसरा देते. तुमची हलगी परत माळ्यावर जाणार नाही. या खंडेनवमीला ती बाहेरच्या खोलीत पुजायची, दार सताड उघडं ठेवून, गल्लीतल्या पोरीबाळींसमोर. आणि तिथंच वाजवायची. डाव्या हाताचं ज्या पोरीला शिकायचंय तिला मी बसवून शिकवीन. मावशीला बोलावलंय. "मोकळ्या हातानं कशी येऊ," म्हणाली, "येताना शेगडीच घिऊन येती, पेटलेली."

तुमची,
रुपी